आधी मला नीट बघ

भावाची भाकरी मी एका परक्या माणसाला खाऊ घातली. वर त्यालाच दटावलं, "सकालपासून हाका मारतंय, बहिरा झालास का?"

तो मान खाली घालून खात राहिला. कोपरीच्या मिठागरात माघातलं ऊन मिठावरून उसळून डोळ्यांत घुसत होतं. मला दिसत होता तो लाल मुंडासं बांधलेला एक उंच आकार. माझा भाऊ सहदेवही लाल मुंडासंच बांधतो... त्याला मी काय करू?

मागून सहदेवाचं हसू ऐकू आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी सांगितलं का नाय?" मी त्या माणसावर उखडले.

"उपाशी मानसाच्या हातात भाकर आली, तर तो आपलं नाव सांगत बसल?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून – "बाय, तुला चंद्र किती दिसतात?"

चंद्राचं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "तीन," मी म्हणाले. "कंदी... चार."

त्याचं नाव गोपीनाथ. कल्याणजवळच्या आयरे गावचा, आमच्यातलाच, पण शाळा शिकलेला. गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायची त्याची सरकारी नोकरी होती, त्यात असे डोळे त्यानं पाहिले होते. आणि मी तुळसा, वीस वर्षांची विधवा. नवरा तापानं गेला त्याला तीन वर्षं झाली होती. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसऱ्या लग्नाची दोन स्थळं आलीही होती. डोळ्यांचं कळलं तशी दोन्ही माघारी गेली. मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालताना मी दोनदा घसरले होते, तिसऱ्यांदा मुकादमानं कामावरून काढलंच असतं. मग उरलं आयुष्य भावजयीच्या चुलीपाशी बसून काढायचं, एवढंच पुढं दिसत होतं. तेही धूसर!

आमच्या पाड्यातली सगळी पोरं टोचून झाली, तरी गोपीनाथच्या फेऱ्या संपेनात.

"आज कुनाला टोचाचं?" मी विचारायची.

"बघतो... कुनी नाय घावला तर तुलाच."

मी हसायची. एवढा बोलका माणूस, पण बसायचा मात्र चार हात लांब. मी जरा सरकले की तोही सरकायचा. मला त्याचा रागच यायचा.

त्यानंच आम्हा दोघा बहीणभावांना ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. मुंबईहून आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा आणि आरसा धरून कितीतरी वेळ माझे डोळे पाहिले.

"बुबुळ पुढे येऊन टोकदार होत चाललं आहे," ते म्हणाले. "हे वाढत जाणार. उजवा फार बिघडला आहे, डावा अजून बरा. औषधाचे थेंब घालून घट्ट पट्टी बांधता येईल, पण त्याचा भरवसा कमी. दुसरं, बारीक भोकाची काळी चकती लावलेला चष्मा. भोकातून स्वच्छ दिसतं, फक्त समोरचं तेवढंच. तिसरं म्हणजे तापलेल्या तारेनं बुबुळाचं टोक डागायचं. मग ते सपाट होतं. पांढरा ठिपका राहतो. नजर सुधारेल... किंवा जाईलही."

"डाग?" सहदेव ओरडला. "गुरांना देतात तसा?"

"सुईच्या टोकाएवढी तार असते. आधी डोळा बधिर करतो."

बाहेर येऊन मी गोपीनाथला गाठलं. "तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हनू? डोला तुझा."

"डोला माझा... आनि मानूस?"

त्यानं तोंड फिरवलं. तरी माझ्या तोंडातून निघालंच, "माझ्याशी पाट लावाल?"

तो दोन पावलं मागं सरकला. "आधी मना नीट बघ," तो हळूच म्हणाला. "मंग इचार."

मी ठरवलं, उजव्या डोळ्याला डाग आणि डाव्याला चकती. डाग बसताना दुखलं नाही, पण भीतीनं मी सहदेवाचा हात पार चेचून काढला. दहा दिवस पट्टी होती. ती सुटली तेव्हा उजव्या डोळ्यापुढं धुकं होतं, तरी त्या धुक्यात खिडकी एकच होती. एकच! मी रडले. मग डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर चकतीचा चष्मा चढवला.

गोपीनाथ दाराशी उभा होता.

"जवल या," मी म्हणाले. "लांबून नाय बघनार मी."

तो आला. देवीच्या वणांनी त्याचा सगळा चेहरा खणून काढला होता. एक भुवई अर्धीच उरली होती.

"सात वर्सांचा होतो," तो म्हणाला. "आमच्या गावात टोचनारा पोचलाच नव्हता तवा." मग कसंनुसं हसून – "झालं ना बघून?"

"थांबा. डावा गाल ऱ्हायलाय."

त्या बारीक भोकातून गाल पाहायचा म्हणजे मान हळूहळू फिरवावी लागते. मी फिरवली. मला कसलीच घाई नव्हती. तो मात्र श्वास रोखून उभा होता.

"तुलसा... उद्या हा डोला बी बिघडला तर?"

"तर त्याला बी डाग देऊ. भ्याले का मी? आता इचारते – पाट लावाल?"

त्यानं मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या खळग्यांतून अडखळत खाली उतरलं, आणि मला त्यातला थेंब न् थेंब दिसला.