निघताना दोनदा

मलकापूरच्या त्या शाळेत मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा व्हरांड्यात एकजण उन्हाला पाठ देऊन बसला होता. ऑफिस कुठं आहे म्हणून मी दोनदा विचारलं. उत्तर नाही. माझा पारा चढायला तेवढं पुरतं. तरातरा जवळ गेले, तसा त्यानं हात पुढे केला.

"कोन हाये? हात द्या."

"काऊन देऊ?" मी ठसक्यात म्हटलं.

आतून मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडम आल्या, हसू दाबत. "दे वं समता. प्रसेनजित सर हायेत ते. त्याइले दिसत नाही, अन् आयकूही येत नाही."

मी हात दिला. त्यांनी अलगद बांगड्या चाचपल्या. "काचेच्या... इथं दुसऱ्या कोनाच्या नाहीत. म्हनजे नव्या बाई," ते म्हणाले. माझा राग कुठल्या कुठं गेला.

सर सोनाळ्याचे. आधी डोळे गेले, मग कॉलेजात असताना कानही. आवाज तेवढा राहिला. आमच्या शाळेत त्यांच्यासारखीच मुलं होती आणि सर त्यांना ब्रेलच्या ठिपक्यांचं यंत्र शिकवायचे. मी मोबाइलवर लिहिलं की त्या यंत्रावर बारीक टाचण्या वर यायच्या, आणि बोटं फिरवून ते वाचता यायचं. छोट्या काजलनं त्यावर स्वतःचं नाव पहिल्यांदा वाचलं, तेव्हा ती पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट नेत राहिली. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

शाळेचा एक नियम फार कडक होता. कुणाजवळूनही उठताना आधी त्याचा तळहात दोनदा दाबायचा. नाही तर तो बिचारा रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो.

शाळा सुटल्यावर आमच्या गप्पा व्हायच्या. सर बोलायचे, मी मोबाइलवर उत्तर द्यायची. टेबल थरथरलं की ते मध्येच म्हणायचे, "नागपूरची गाडी गेली." आणि गप्पा पुढे.

"लई येळ लावता तुमी," एकदा ते म्हणाले. "खोडून राह्यल्या काय?"

'तुमाले कसं समजलं?'

"टाचण्या वर येतात अन् खाली जातात. मले तुमचं खोडलेलंही वाचता येते."

मी लाजून लाल झाले. बरं, ते दिसणार कुणाला! 'काय वाचलं?'

"ते नाही सांगत... तळहातावर काऊन नाही लिहीत कधी? माही आई लिहिते."

'यंत्र हाये न.'

खरं कारण वेगळं होतं. हात धरला असता, तर तो थरथरतोय हे त्यांना कळलं असतं.

मार्चमध्ये पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलं. मोठी शाळा, चांगली नोकरी. माझ्या तोंडची चवच गेली. ज्या शनिवारी त्यांना होकार कळवायचा होता, त्या संध्याकाळी ते म्हणाले, "बसा जरा. बोलाचं हाये." मी मोबाइल टेबलावर ठेवून बसतेय तोच अंगणातून मॅडमची हाक आली. काजल पायरीवरून पडली होती. मी तशीच धावले.

गुडघा खरचटला होता, बाकी काही नव्हतं. मॅडमनी हळद लावली आणि मी परतले. दारातच माझे पाय थबकले. सर बोलत होते.

"...अन् मले जायाचं नाही. तुमी इथं हायेत, म्हनूनच. तुमाले चालत असन तर थांबतो. हो का नाही, येवढंच लिहा."

समोर माझी रिकामी खुर्ची होती. त्यांची बोटं यंत्रावर, टाचण्या वर यायची वाट बघत. एकही टाचणी हलली नाही. लिहायचा मोबाइल टेबलावर होता, आणि मी दारात.

"बरं," ते हळूच म्हणाले. "समजलं." आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "राहू द्या," ते हात सोडवत म्हणाले. "वाईट नका वाटून घेऊ."

यंत्र पुन्हा चालू होईपर्यंत थांबायचा धीर माझ्यात नव्हता. मी त्यांची मूठ उघडली आणि तळहातावर बोटानं लिहिलं, 'मी इथं नव्हते.'

"मंग?"

'काजल पडली. ठीक हाये. हात दाबाचं भुलले. दारातून आयकलं.'

 त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "म्हनजे मी खुर्चीशी बोलून राह्यलो होतो... मंग खुर्ची काय म्हनते?"

'हो.'

"पुन्हा लिहा."

'हो.'

"हात थरथरून राह्यला तुमचा."

मी तो थरथरू दिला.

वसतिगृहात जेवणाची घंटा झाली. मॅडमनी मला हाक मारली. माझी मान वळलेली सरांना कशी कळली, कोण जाणे.

"जायाचं हाये?" त्यांनी विचारलं, आणि तळहात उघडून समोर धरला, मी दोनदा दाबायची वाट बघत.

मी त्या तळहातावर माझा हात ठेवला, आणि तसाच राहू दिला.