उजवा गाल

पुनर्वसन केंद्राच्या व्हरांड्यात गिल्दास वळणावर थेट रोझेनच्या अंगावरच आला. तिच्या हातातली कॉफी भिंतीवर आणि कप फरशीवर!

"डोळे आहेत की बटणं?" रोझेन कडाडली.

"अहो माफ करा… पण तुम्ही उगवलात कुठून?"

"उगवले? मघापासून उभी आहे इथे!"

"डावीकडे होतात ना? मग नाहीच दिसणार." तो ओशाळला. "झटका आल्यापासून माझी डावी बाजूच गायब झालीय. डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदू तिकडचं काही मोजतच नाही म्हणे. पोस्टमन होतो मी. आता पत्रं वाटली तर गल्लीच्या एकाच बाजूला पोचतील!"

एरवी रोझेन खो-खो हसली असती. पण दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं तिच्यावरही घाला घातला होता, आणि तेव्हापासून तिनं हसणंच सोडलं होतं. हसलं की उजवा गाल तसाच लोंबत राहायचा. बंदरावरच्या बाजारात कालवं उघडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, अन् आता सुरीचा तोच हात मेल्यासारखा पडून होता. फ्रान्सच्या या ब्रिटनी भागात भेटल्यावर दोन्ही गालांचे मुके घ्यायची रीत. पण भेटायला येणारे डावा गाल नीट घेत आणि उजव्याशी नुसती हवा चुंबून पळत. सख्खी बहीणसुद्धा! रोझेनच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

केंद्रात ओदीलबाई सायकोमोटर थेरपीचे वर्ग घ्यायच्या. वजनं नाहीत, यंत्रं नाहीत. काठ्यांनी ताल धरायचा, अंगावरून चेंडू फिरवायचा, डोळे मिटून आपलाच हात शोधायचा.

"परक्या झालेल्या अंगाला पुन्हा आपलं म्हणायचं," बाई म्हणत.

"पोरखेळ!" रोझेन फणकारे. तरी यायची. कारण बाईंनी तिची जोडी गिल्दासशी लावली होती.

एकदा जेवणात गालेत, म्हणजे तिकडचं धिरडं होतं. तो आचाऱ्यावर खवळला. "अर्धीच गालेत देता? भिकारी समजलात?" उरलेली अर्धी ताटात डावीकडे तशीच होती. रोझेननं मुकाट्यानं ताट फिरवलं.

"जादूगार आहात!"

"आणि तुम्ही बावळट."

"'तुम्ही बावळट' कसंसंच वाटतं हो," तो हळूच म्हणाला. "'तू बावळट' म्हणा ना…"

"तू बावळट," ती म्हणाली, आणि कान तापले तिचे.

तोही रोज सकाळी तिचा एकच मुका घ्यायचा. डाव्या गालाचा. आधी ती जळफळली. हाही त्यांच्यातलाच! मग लक्षात आलं… समोर बसलं की तिचा उजवा गाल त्याच्या डावीकडे. त्याच्या लेखी तो नव्हताच. या जगात एक माणूस होता, ज्याला ती धडधाकट दिसत होती! रोझेनबाई गुपचूप त्याच्यासमोर खुर्ची लावून बसू लागल्या.

पण ओदीलबाई कुठल्या गप्प बसायला! "वळा, गिल्दास. मान वळवा, मग डोळे." आणि मेला वळायला लागला. एका दुपारी त्यानं अख्खी गालेत संपवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोझेननं मात्र आपलं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि लाल रुमाल घेऊन रोझेनच्या उजव्या खांद्याला बांधायला आल्या. "आज इथपर्यंत बघायचं त्यानं."

"नाही बांधायचा!" तिनं रुमाल भिरकावला आणि पाय ओढत गच्चीवर गेली. खाली समुद्राला ओहोटी लागली होती.

मागून काठीचा टकटक आवाज आला. या खेपेला तो दाराला धडकला नाही. तेवढ्यानंही तिला रडू फुटलं.

"जा इथून! बरा हो, सगळं बघ, फक्त मला बघू नकोस! अर्धीच बरी होते मी तुला…"

तो समोर येऊन उभा राहिला. आधी हनुवटी वळली, मग मान. कपाळावर घाम आला. शेवटी डोळे आले… आणि तिच्या उजव्या गालावर थांबले.

"हा… हा आधीपासून होता?"

"चार महिने."

"आणि सांगितलं नाहीस?" गिल्दास भडकलाच. "अर्धी गालेत राहिली तर ताट फिरवतेस, आणि स्वतः अर्धी लपून बसतेस? लबाड! ही अर्धी रोझेन कुणासाठी ठेवली होतीस?"

ती तोंड फिरवू लागली. तेवढ्यात त्यानं वाकून त्या लोंबत्या गालाचा मुका घेतला. हवेचा नाही… चांगला टेकून.

"कळलं?"

"नाही," ती रडवेली झाली. "काहीच कळत नाही तिथे."

"मग परत."

त्यानं परत घेतला. या खेपेला कुठेतरी खोल, मुंग्या आल्यासारखं, काहीतरी ऊबदार हललं.

"आता?"

"छे," रोझेन धडधडीत खोटं बोलली. "अजून नाही."