चंदेरी भुंगेरा नदी कशी ओलांडतो?

जो किडा जन्मभरात जेमतेम अर्धा किलोमीटर उडतो, तो तीन किलोमीटरवरच्या गल्लीत पोचला कसा? मध्ये नदी आहे, आणि वाटेत त्याच्या खायच्या जातीचं एकही झाड नाही. हे कोडं डॉक्टर शहनाज मुजावर यांनी आमच्या कासार गल्लीत उभं राहून सगळ्यांना घातलं. मी गर्दीत पुढेच होते. उत्तर मला तिथल्या तिथे कळलं, आणि कळल्याबरोबर तोंडचं पाणी पळालं.

मी उर्मी ठोंबरे, सातवीत आहे. ही गोष्ट २०५१ सालच्या मार्गशीर्षातली. मुजावर मॅडम कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणाऱ्या) आहेत आणि शहरातली रस्त्याकडेची झाडं त्यांच्या ताब्यात आहेत. त्यांच्याबरोबर सहा पायांचा एक यंत्रमानव असतो. कागदोपत्री त्याचं नाव वृक्षश्रवणयंत्र (झाडाच्या आतला आवाज ऐकणारं यंत्र). एवढं लांबलचक नाव कोण घेणार? तो खोडावर चढून ठकठक करतो म्हणून आम्ही त्याला सुताऱ्या म्हणतो.

त्या दिवशी सुताऱ्या दशरथकाकांच्या सातवीणीवर चढला होता. सातवीण म्हणजे सप्तपर्णी; एका देठाशी सात-सात पानं असतात ना, ते झाड. दशरथकाका इस्त्रीवाले. त्यांचं टेबल तीस वर्षं त्या झाडाखाली आहे. भर वैशाखात गरम इस्त्री घेऊन उन्हात कोण उभं राहील? ते झाड म्हणजेच त्यांचं दुकान.

"अहो मॅडम, झाड हिरवंगार आहे की," काका म्हणाले. "दोन फांद्या वाळल्यात, एवढंच. त्यासाठी उगाच त्याच्या मुळावर का उठताय?"

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी सुताऱ्याच्या पाठीवरचं बटण दाबलं. करकर, करकर, करकर. शेजारच्या खोलीत कुणी पापड खात बसावं तसा आवाज आला.

"या चंदेरी भुंगेऱ्याच्या अळ्या," मॅडम म्हणाल्या. "मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अळी बाहेर पडली की सालीखालची रसवाहिनी (पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या नळ्यांचा थर) कुरतडत पुढं जाते. एखाददुसरी अळी असेल तर झाड चीक सोडून तिला बुडवतं. पण शेकडो असल्या की त्यांची भुयारं एकमेकींना मिळतात आणि खोडाभोवती पूर्ण कडं तयार होतं. मग वरचं अन्न खाली जाईना. पानं हिरवी दिसतात, पण मुळं उपाशी मरत असतात."

"औषध मारा ना मग."

"कडं पूर्ण झालंय, काका. आता औषधानं अळ्या मरतील, पण झाड काही उठणार नाही. आणि उभं ठेवलं, तर माघात ह्याच अळ्यांचे भुंगेरे होऊन उडतील. शेजारी आणखी अकरा सातवीणी आहेत, त्या अजून निरोगी आहेत."

काका खोडावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"एवढा माजोरी किडा आधी कधी नव्हता," ते म्हणाले.

"आपल्याकडचा नाहीच तो. परदेशातून यंत्रं आली, त्यांच्या खोक्यांच्या फळ्यांमधून आला. त्याच्या मुलखात त्याला खाणारी गांधीलमाशी आहे, आणि तिथल्या झाडांना त्याच्याशी झुंजायची हजारो वर्षांची सवय आहे. इथं त्याला ना कुणी शत्रू, ना आपल्या झाडांना त्याची ओळख. त्यात आपण काय केलं? स्टेशन रस्त्यावर ओळीनं दोनशे बारा झाडं लावली, सगळी सातवीण! एका झाडावरून उठला की पुढच्यावर बसला. मागच्या वर्षी ती सगळी पाडावी लागली. पण तिथून तो नदीपलीकडं, तुमच्या गल्लीत कसा आला, हे मला समजत नाही."

मला समजलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मला वाटत होतं की बघताहेत.

गेल्या माघात आम्ही गल्लीतली पोरं होळीसाठी लाकडं जमवत होतो. स्टेशन रस्त्यावर ओंडक्यांचे ढीग पडले होते. "लाकूड हलवू नये" असा फलकही होता. फलक कोण वाचतं? आम्ही भाजीची हातगाडी घेतली, चार खेपा केल्या, आणि ओंडके दशरथकाकांच्या झाडाखालीच रचून ठेवले. पुढारी मीच होते. होळी पेटेपर्यंत ते तिथे बावीस दिवस पडून होते.

घरी जाऊन मी स्वतःची समजूत घातली. तोडलेलं लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड, त्यात अळी कशी जगेल? आणि आपणहून सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. काका मला आयुष्यभर क्षमा करणार नाहीत. दोन दिवस मी असली वकिली करत बसले. काका रोज टेबल मांडत होते आणि मी शाळेला जाताना गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं पळत होते.

तिसऱ्या दिवशी एकदम आठवलं. आमचे सगळे ओंडके होळीत जळले नव्हते! होळीच्या आदल्या आठवड्यात टेकडीवरच्या शिक्षक कॉलनीच्या पोरांनी निम्मा ढीग पळवला होता. होळीची लाकडं पळवायचीच असतात, म्हणून आम्ही नुसता आरडाओरडा करून गप्प बसलो होतो. शिक्षक कॉलनीच्या दोन्ही बाजूंना सातवीणीच आहेत, एकूण एकेचाळीस. आणि तिथे लाकडं गेल्याचं मॅडमना ठाऊकच नव्हतं. ते फक्त आम्हा पोरांना माहीत होतं.

मी धावत गल्लीच्या तोंडाशी गेले. झाड पाडायची गाडी येऊन उभी होती. मॅडम होत्या, आणि काकाही होते. काका नसताना सांगावं असं फार वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता.

"मॅडम, तो उडत नाही आला. मी आणला. हातगाडीवरून."

मी सगळं सांगितलं. काकांकडे बघायची हिंमत झाली नाही.

"लाकूड तोडलं तरी आतला ओलावा कितीतरी महिने टिकतो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "अळी आरामात वाढते, कोष करते, भुंगेरा होऊन बाहेर पडते. म्हणून तर आम्ही ओंडक्यांचा आठवड्याच्या आत नखाएवढा चुरा करतो. स्टेशन रस्त्यावर ते आमच्याकडून वेळेत झालं नाही, ती आमची चूक. तुम्ही ती लाकडं लगेच होळीत टाकली असतीत तर अळ्या जळून गेल्या असत्या. मीही लहानपणी गल्लीच्या होळीला लाकडं ओढलीत, बाळा. होळीनं काही बिघडवलं नाही, बावीस दिवसांनी बिघडवलं." मग त्या एकदम ताठ झाल्या. "शिक्षक कॉलनीत ढीग कुठं होता? नेमकी जागा सांग. माघाला अजून दीड महिना आहे."

सुताऱ्या त्याच दुपारी टेकडीवर गेला. एकेचाळिसांपैकी तीन झाडांत करकर सापडली. दोन पाडावी लागली. तिसऱ्याचं कडं अर्धंच होतं, त्याला औषध टोचलं. बाकीच्या अडतीस झाडांत काहीच नव्हतं. आणखी दोन महिने मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, याचा हिशेब मॅडमनी मला करायला लावला नाही. मी आपणच केला.

काकांचं झाड त्याच सकाळी पडलं. करवत थांबल्यावर गल्लीत एवढा उजेड आला की बघवेना. काकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ताडपत्रीखाली टेबल लावून ते इस्त्री करत राहिले, आणि मी समोरून गेले की मान खाली घालत. मला घरी येऊन रडू यायचं.

जूनमध्ये मॅडम गल्लीतल्या मोकळ्या जागांसाठी रोपं घेऊन आल्या. करंज, बकुळ, ताम्हण, कांचन, बहावा. शेजारी शेजारी एका जातीची दोन नाहीत.

"हे मिश्र लागवडीचं तत्त्व (निरनिराळ्या जाती मिसळून लावणं)," मॅडम म्हणाल्या. "उद्या करंजाचा कुणी शत्रू आला, तर त्याला पुढचा करंज सापडेपर्यंत वाटेत बकुळ, ताम्हण, कांचन लागतील. ते त्याच्या खाण्यातले नाहीत. रोग येणारच नाही असं मी म्हणत नाही. पण आला तरी गल्ली एका वर्षात उघडी पडणार नाही."

काकांच्या जागेवर करंज लावायचा ठरला. रोप माझ्या कमरेएवढं होतं. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सावली कधी पडेल?" त्यांनी विचारलं.

"टेबलापुरती सहा-सात वर्षांत. पहिली दोन वर्षं पाणी चुकवायचं नाही."

काका एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी बोटांवर बेरीज केली. मग त्यांनी टेबलाखालची बादली काढली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली.

"उर्मे, इकडं ये. पाऊस नसेल त्या दिवशी दोन बादल्या. शाळेत जायच्या आधी एक आणि आल्यावर एक. एक दिवस जरी चुकलीस ना, तर घरी येऊन उठवीन."