शोभनाकाकूंचं इन्शुलिन

नेत्राकडे अशील आलं की चहा करायचं काम केदारचं. ऑफिसचा फोनही तोच घ्यायचा, आणि दर वेळी पलीकडून एकच प्रश्न यायचा, "नेत्रा आहे का?" अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात खासगी गुप्तहेर म्हणून बायकोचं नाव झालं होतं. आठवडाभर कंपनीत टीम सांभाळणाऱ्या केदारला ते खुपायचं, आणि खुपतं हे कबूल करायला त्याची जीभ रेटत नसे.

आज इशिता आली होती. फार्मसीची डिग्री, मग एक वर्ष रेसिडेन्सी, आणि आता क्लिनिकमध्ये येणाऱ्या पेशंटांची औषधं सांभाळायचं वरच्या पायरीचं दुसरं वर्ष.

"शोभनाकाकूंची शुगर चारशेवर गेली, नेत्राताई. ॲडमिट करावं लागलं. इन्शुलिनचे पेन मी दिले होते. त्यातलं इन्शुलिन कधीतरी गोठलंय, आत बारीक कण दिसतायत. एकदा गोठलं की ते काम करत नाही. उद्या डायरेक्टरसमोर मीटिंग आहे. मला काढतील."

"काढलं तर कोणाचं फावेल?"

"रेसिडेन्सीनंतर इथे जागा एकच आहे. मला मिळेल, नाहीतर माझ्याबरोबरच्या मोनाला."

"क्लिनिकच्या फ्रिजमध्येच गोठलं असेल," केदारने अक्कल पाजळली.

"त्याच खोक्यातले पेन बाकीच्यांना दिलेत. ते ठीक आहेत."

केदार चहात साखर ढवळत राहिला.

इशिताला घेऊन दोघं काकूंकडे गेली. काकू नुकत्याच हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. दार त्यांच्या सुनेने, विनीताने, उघडलं. ती आधीच तापलेली होती.

"सगळे माझ्याकडेच बघतायत. रोज उठून 'इशिता सांगते तसं कर.' वैताग येतो यार. म्हणून मी असं करेन का?"

नेत्राने फ्रिज उघडला. पेनांच्या शेजारी कोथिंबिरीची जुडी होती, हिरवीगार.

"पेन पहिल्यापासून इथेच?"

"हो. ही जुडीही त्याच दिवशी आणली होती."

केदारने मनातल्या मनात विनीताला आरोपी ठरवून टाकलं.

काकू सोफ्यावर पडल्या होत्या. "औषधं आणायची त्या दिवशी विनीताला मीटिंग. मोनाच्या आईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तर मोनाच म्हणाली, काकू, क्लिनिकमधून माझ्याबरोबर चला. मोठी गुणाची पोर. औषधाची पिशवी डिक्कीत टाकली, मला हात धरून बसवलं. माझा तिळाच्या लाडवांचा डबाही तिथेच होता. म्हटलं, राहू दे, जाताना शेजारणीला द्यायचेत. तर म्हणाली, नको, थंडीने दगड होतील. स्वतः आत नेला. जेवूनखाऊनच निघालो बघ."

नेत्राने फोन करून मोनाला बोलावून घेतलं. मोना इथेच जन्मलेली, इशिताबरोबरच शिकणारी.

"मी फक्त राइड दिली," मोना म्हणाली.

"पिशवी डिक्कीत राहिली?"

"ओ गॉड. मी विसरले असेन. इट वॉज अ मिस्टेक."

चूकच ती, केदारला पटलं. अशा धांदलीत कोण लक्षात ठेवतं?

नेत्रा मात्र विनीताकडे वळली. "इन्शुलिन तुमच्या फ्रिजमध्ये गोठलं नाही. तसं असतं तर शेजारची कोथिंबीर काळी पडली असती. क्लिनिकमध्येही नाही, बाकीचे पेन चांगले आहेत. मधे राहिली फक्त गाडी. बाहेर उणे वीस, आणि पिशवी संध्याकाळभर डिक्कीत."

"मी म्हटलं ना, विसरले."

"डिक्कीतून लाडवांचा डबा तूच काढलास, मोना. पिशवी त्याच्या शेजारीच होती. लाडू थंडीने कडक होतील हे आठवलं, आणि तू स्वतः फार्मासिस्ट असून इन्शुलिन गोठेल हे नाही?"

मग मोनाचा आवाज फुटला.

"सगळे पेशंट तिलाच मागतात. काकू, तुम्ही माझ्या आईच्या मैत्रीण, तरी क्लिनिकमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, 'मला इशिताच हवी.' मला वाटलं, शुगर थोडी वाढेल, शी विल लुक केअरलेस. एवढं होईल असं नव्हतं वाटलं. उद्या मीच सांगेन डायरेक्टरना."

इशिताने डोळे पुसले. काकू सोफ्यावर उठून बसल्या.

"लाडू कडक झाले असते तर पाखरांना टाकले असते गं," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा त्यांना जपलंस."

केदारला मोनाचा राग यायला हवा होता. पण तिच्या पोटातलं ते जळणं त्याच्या फार ओळखीचं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

गाडीत बसताना केदारच्या खिशातला ऑफिसचा फोन वाजला. "नेत्रा आहे का?"

खुपलं. नेहमीइतकंच खुपलं.

"आहे ना," केदार म्हणाला. "तिलाच विचारा, तिच्याइतकं कोणाला कळत नाही." आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.