भिंगरीची जन्मरेघ

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझं गेली बावीस वर्षं त्याच्यावरच भरतंय. दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत मी दातांचे काप करते. पडलेला किंवा काढलेला दात राळेत बसवायचा, हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने चिरायचा, मग घासत घासत इतका पातळ करायचा की त्याच्याखाली धरलेली छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. वर पातळ काच डकवली की काप तयार. शेजारीण विचारते, "दिवसभर काय करता हो?" मी सांगते, "दात घासते." तिला वाटतं मी तिची फिरकी घेतेय.

दाताची एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या अंगात एक घड्याळ असतं. झोप, भूक, जाग, सगळं त्याच्या तालावर चालतं. हिरडीच्या आत दात घडत असतो तेव्हा त्याच्यावरचं पांढरं कवचही त्याच घड्याळाने चढतं आणि दिवसाला एक बारीक रेघ सोडून जातं. दुधाच्या पुढच्या दातांचं कवच आईच्या पोटात सुरू होतं आणि जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. जन्माच्या दिवशी बाळाची जी उलथापालथ होते, तिची एक ठळक रेघ उमटते. तिला आम्ही जन्मरेघ म्हणतो. मोठं आजारपण आलं तर त्याचीही काळी रेघ उठते. कवच पुरं झालं की संपलं. पुढे तो दात शंभर वर्षं डबीत ठेवा, रेघ वाढायची नाही आणि कमीही व्हायची नाही.

माझा भाऊ आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. दोघांच्या मधे, म्हणजे बहुतेक वेळ जिन्यातच, भिंगरी असते. शाळेत तिला दुसरं नाव आहे, पण ते हाक मारली तरी तिला कळत नाही. ती दादा-वहिनींनी दत्तक घेतलेली. संस्थेच्या फाटकापाशी कुणी ठेवून गेलेलं बाळ. ही गोष्ट आमच्याकडे झाकून ठेवलेली नाही, भिंगरी ती पाहुण्यांना स्वतःच सांगते आणि वर बिस्किटं पुढे करते.

एका सोमवारी सकाळी टोस्ट खाताना तिचा पहिला दात पडला. खालचा, पुढचा. तो तळहातावर घेऊन ती तडक वर आली.

"आत्या, ह्यात माझा खरा वाढदिवस आहे ना?"

"वाढदिवस आहे की तुला. एक तारखेला."

"तो कागदाचा. संस्थेच्या साहेबांनी अंदाजे लिहिलेला." तिने नाक मुरडलं. "बाईंनी वर्गात तक्ता लावलाय. ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशीची गोष्ट सांगायची. पाऊस होता का, आई काय म्हणाली, सगळं. माझ्या वाढदिवसात आईच नाहीये. मला आई असलेला वाढदिवस पाहिजे."

वहिनी तिची वेणी घालायला मागोमाग वर आली होती. ती दारातच थांबली. फणी हातात, चेहरा उतरलेला. मग एकदम हसून म्हणाली, "मोज की गं. पोरीच्या मनासारखं होऊ दे." खरी तारीख निघाली तर ती वहिनीशिवायचीच निघणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण भिंगरीला नाही म्हणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचाय.

काम अवघड नव्हतं. भिंगरी घरी आली त्याच दिवशी तिला फणफणून ताप भरला होता आणि तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. ती तारीख आम्हाला पाठ. म्हणजे तापाची काळी रेघ शोधायची, तिथून मागे जन्मरेघेपर्यंतचे दिवस मोजायचे, की झालं. दुपारपर्यंत काप तयार झाला. दोन्ही रेघा ठसठशीत, मधल्या बारीक रेघा पेटीच्या पट्टीसारख्या ओळीने. मी तीनदा मोजल्या. एक्केचाळीस. घरी आल्याच्या तारखेतून एक्केचाळीस दिवस मागे गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या उडालेच. निघालेली तारीख त्याच दिवसाची होती. आज सात वर्षं पूर्ण!

तरी मी तोंड मिटून बसले, कारण आमच्या खोलीचा नियम आहे. एका कापाची मोजणी दोघांनी करायची, एकाच दिवशी नाही, आणि एकमेकांना आकडा सांगायचा नाही. चिठ्ठी लिहून कान तुटलेल्या कपात टाकायची, शुक्रवारी दोन्ही उघडायच्या. दुसरे मोजणारे आमचे सर. त्यांचा माझ्या मोजणीवर पूर्ण विश्वास आहे, फक्त तो त्यांनी स्वतः मोजल्यानंतर बसतो. चिठ्ठीवर आम्ही तारीख कधी घालत नाही. पडलेल्या दाताला आज काय आणि उद्या काय!

शुक्रवारी चिठ्ठ्या उघडल्या. माझे एक्केचाळीस, सरांचे एकोणचाळीस.

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," सर म्हणाले.

"आणि तुम्ही दोन रेघा चहाबरोबर गिळल्यात."

पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलं. मी सोमवारी, सरांनी बुधवारी. माझे चौतीस आले, सरांचे बत्तीस. ह्या खेपेला मला आकड्याची लाजच वाटली. बावीस वर्षांत माझी एका रेघेची चूक झाली नव्हती, आणि इथे सात! म्हणून गुरुवारी आम्ही शुक्रवारची वाट न बघता कप पालथा केला, आणि चिठ्ठ्या बघून नियम मोडून शेजारी शेजारी बसलो. एकाच भिंगाखाली, एकामागून एक मोजलं. दोघांचेही एकतीस.

सरांनी चारही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि आठवून आठवून त्यांच्यावर वार लिहिले.

"रोज एक कमी होतेय," ते म्हणाले. "तुमच्या लक्षात येतंय का? ज्या दिवशी मोजू, तो तिचा वाढदिवस निघतोय."

मी हसले. सरही हसले. सरांनी उठून दार लावून घेतलं.

दुसऱ्या चार दातांचे जुने काप काढून मोजले, त्यांच्या रेघा जिथल्या तिथे होत्या. मग सरांना सुचलं की पहिल्या सोमवारी मी कापाचा फोटो छापून फळ्यावर टाचला होता, त्यात तरी एक्केचाळीस असायलाच हवेत. शुक्रवारी मी कागदावर टाचणीचं टोक टेकवत एकेक रेघ मोजली. तीस.

घरी काय सांगायचं? "अजून मोजतेय," म्हणाले. भिंगरीला त्याची घाई नव्हती. ती मजेत होती, फटीतून शीळ घालायला शिकली होती आणि जिना डोक्यावर घेत होती. वहिनीही अलीकडे खुलली होती. उगाच गुणगुणायची, दारातून जाता जाता पोरीचा गालगुच्चा घ्यायची. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

एकवीस रेघा उरल्या होत्या त्या दिवशी दादा सहज म्हणाला, "आणली तेव्हा तीन आठवड्यांची होती. एवढीशी." त्याने हाताने दाखवलं.

"सव्वा महिन्याची होती दादा."

"तुझं काहीतरीच. तीन आठवड्यांची."

मी हिशेब करून पाहिला. तीन आठवडे म्हणजे एकवीस. माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

नऊ उरल्या तेव्हा वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "नाळ पडली ना हिची, ती ह्याच खोलीत. मी घाबरून तुला हाक मारली होती, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. संस्थेतून आणलेल्या बाळाची नाळ आमच्या घरात कशी पडेल?

मी सरांकडे धावले. सर चष्मा पुसत म्हणाले, "कसली मोजणी? तुमच्या भाचीची? अहो, तिचा वाढदिवस पुढच्या रविवारी ना? दरवर्षी केक आणता की तुम्ही." कपात आमच्या चिठ्ठ्या होत्या. सरांनी कपातल्या त्या कागदांकडे पाहिलं आणि त्यात पेनं उभी केली.

शनिवारी एकच रेघ उरली.

मी काप घरी आणला होता. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि बत्ता उचलला. एक ठोका, की काचेचा चुरा. मग काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. पण असं कुणाच्या आयुष्यातून कुणाला पुसून टाकणं बरं नव्हे, एवढं कळत होतं. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. भिंगरीला आणायला आम्ही गेलो तेव्हा दादा-वहिनी आत सह्या करत होते आणि बाळ माझ्या कुशीत होतं. फाटकाबाहेर एक बाई उभी होती. बाळाच्या पायातला मोजा खाली पडला. तिने तो उचलला, झटकला, बाळाच्या पायात नीट चढवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. ती कोण हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सात वर्षं तिचा चेहरा माझ्याजवळ आहे.

खालून वहिनीचा आवाज आला. ती भिंगरीला काहीतरी सांगत होती. "आणि मग डॉक्टर म्हणाल्या, मुलगी! आणि तू अशी रडलीस, अशी रडलीस..." भिंगरी खिदळत होती. वहिनीचा असा आवाज मी लग्न होऊन ती घरात आली त्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

मी बत्ता जागेवर ठेवला. माझ्याने झालं नाही.

रविवारी सकाळी भिंगाखाली एकच रेघ होती. जाड, काळी. जन्मरेघ आणि तापाची रेघ एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

संध्याकाळी घर भरून गेलं. फुगे, केक, वर्गातली पंधरा पोरं. भिंगरीच्या बाई तक्त्याची गुंडाळी घेऊन आल्या होत्या. वहिनीने सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. अठरा तास कळा, बाहेर भुरभुर पाऊस, दादाने घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातलेल्या. सगळे हसले. मीसुद्धा पोट धरून हसले.

भिंगरीने माझ्या कानाला केक लावत म्हटलं, "आत्या, बघ. आता आई आहे की नाही त्यात?"

"आहे हो राणी."

वहिनी माझ्याकडे वळली. "हिला विचारा ना, ही बाहेर बाकावर बसली होती रात्रभर. गार पडलेली अगदी."

मी नाही म्हणणार होते. पण मला बाक आठवलं. लोखंडी, थंड. मोडलेली डावी कड माझ्या मांडीला टोचत होती. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मी उठून उभी राहिले, तेही आठवलं. मला इतका आनंद झाला होता.

त्याला आज तीन दिवस झाले. घरात सगळं उत्तम चाललंय. भिंगरीचा नवा दात हिरडीतून डोकावतोय आणि वहिनी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. फाटकाची आणि बाकाची, दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा कुणीतरी लिहून ठेवलेलं बरं, म्हणून सकाळीच कागद घेऊन बसले.

फाटकाबाहेरच्या त्या बाईचा चेहरा काल संध्याकाळपर्यंत होता. आज उठले तेव्हा फक्त दोन हात उरले होते, मोजा झटकणारे. मोज्याचा रंग मघाशी अगदी जिभेवर होता. आठवला की इथे लिहिते.