कुटुंबप्रमुखाचा ओटीपी

करंजवाडीच्या निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ताराबाई निमसेंचा शब्द शेवटचा असे. घड पट्ट्यावरून पुढे सरकायचा, वरची उजेडकांडी त्यावर निळसर झोत टाकायची आणि चार दिवसांनी सडणारा मणी पडद्यावर आजच पिवळा दिसायचा. ताराबाई कात्रीच्या टोकाने तेवढा मणी उडवायच्या. घड वाचायचा. बागाईतदाराने चहाचा कप खाली ठेवायच्या आत मालाचा अहवाल त्याच्या फोनवर हजर. युरोपातल्या कुणा अनोळखी बाईच्या पोटाची एवढी काळजी वाहणारं गाव होतं ते.

तीच कांडी, पेनाएवढी होऊन, आता आरोग्य उपकेंद्रातही आली होती. गर्भाशयाच्या तोंडाशी क्षणभर धरली की तिथल्या पेशींवरून परतणारा उजेड ती वाचायची आणि पुढे कित्येक वर्षांनी जिथे कॅन्सर होऊ शकेल, ती जागा आजच सांगायची. हिरवं म्हणजे ठीक. पिवळं म्हणजे त्याच बैठकीत गरम सळईचा शेक देऊन ती जागा जाळायची. दोन-चार मिनिटांचं काम. बाईने चालत घरी जायचं.

तपासणी शिबिराच्या दिवशी ताराबाईंचा नंबर पहिला लागला. यमुना सिस्टरांनी कांडी धरली, ती टिंगकन वाजली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘निकाल तयार आहे. महिलेची गोपनीयता जपण्यासाठी तो कुटुंबप्रमुखाचा ओटीपी दिल्यावरच दिसेल.’

“म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनच जपायचं?” ताराबाईंनी टेबलावरून मान उचलून विचारलं.

“वरून आलंय, ताराताई,” सिस्टर म्हणाल्या. सरकारी भाषेत याचा अर्थ, आता कुणालाही विचारू नका.

नाव नोंदवताना कुणी जबरदस्ती केली नव्हती. फॉर्मवर ‘मोबाईल’ असा रकाना होता आणि गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी ‘आमच्या ह्यांचा घ्या’ म्हणून सांगितलं होतं. त्यात ताराबाईही होत्या. दिवसाला पाचशे पेट्या नापास करणाऱ्या बाईला आपला नंबर द्यायचं सुचलं नव्हतं.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. भाऊराव बागेत होते. भाऊराव वाईट माणूस नव्हते, आणि अडचण तिथेच होती.

“अहो, एक ओटीपी आला असेल. सांगा बरं.”

“नाही सांगायचा. परवाच पोलीस पारावर येऊन सांगून गेले. बायकोने मागितला तरी द्यायचा नाही.”

“माझ्या तपासणीचा आहे तो.”

“तुझा असता तर तुझ्या फोनवर आला असता की!”

मुद्दा बिनतोड होता.

“तुला त्रास काय होतोय पण?”

“त्रास व्हायच्या आधीच बघायचं असतं हे.”

“म्हणजे त्रास नाही ना? झालं तर मग. ठेवतो, फवारणीवाला आलाय.”

फोन बंद झाला. ताराबाईंना जाऊ आठवली. कुसुम. दोन वर्षांपूर्वी याच कॅन्सरने गेली, एकोणचाळिसाव्या वर्षी. शेवटी शेवटी पाठ टेकवत नव्हती. ती गेल्यावर तिची फाईल उघडली, कारण मेलेल्या बाईचा निकाल पाहायला ओटीपी लागत नाही. तेवढी सवलत आहे. आत, ती जाण्याच्या चार वर्षं आधी तालुक्याच्या दवाखान्यात दिसलेला पिवळा ठिपका. चार वर्षं ते यंत्राला ठाऊक होतं. कुसुमला नव्हतं. जिल्ह्याच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘तपासणी पूर्ण’ लिहिलेलं होतं आणि शंभर टक्के तपासणीबद्दल तालुक्याला ढाल मिळाली होती. ढालीवर एक हसरी बाई कोरलेली आहे.

“सिस्टर,” ताराबाई म्हणाल्या, “या कांडीच्या आधी तुम्ही काय करायचात?”

यमुना सिस्टरांनी दार लोटून घेतलं. मग त्यांनी खालचं कपाट उघडलं. एक बाटली, कापूस, टॉर्च. “व्हिनेगरसारखंच असतं हे. बिघडलेली जागा असेल तर मिनिटभरात पांढरी पडते. कांडीइतकं नेमकं नाही. पण याला कुणाचा फोन लागत नाही.”

“लावा.”

मिनिट फार हळू सरकलं. सिस्टरांनी टॉर्च धरला, वाकून पाहिलं आणि हातआरसा ताराबाईंच्या हातात दिला. पांढरा डाग होता. द्राक्षाच्या बीएवढा.

ताराबाईंनी तो नीट पाहून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासलेल्या नजरेने.

“काढून टाका,” त्या पट्ट्यावर म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या.

सिस्टरांनी शेक द्यायचं यंत्र बाहेर काढलं. “यंत्रावरचा निकाल न पाहता उपचार केला म्हणून मला नोटीस येईल हं.”

“कुणाच्या फोनवर येईल?”

“माझ्याच की.”

“नशीबवान आहात.”

थोड्या वेळाने ताराबाई ओटीपोटावर हात धरून, पण स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. ओसरीवर सदतीस बायका बसल्या होत्या. नोंदणीची वही कोपऱ्यात पडली होती. ताराबाईंनी ती उचलली, खुर्ची ओढली आणि पेनचं टोपण दातांनी काढलं.

“सगळ्यांचे नंबर पुन्हा लिहायचेत. ये गं, चंद्रकला. सांग.”

पॅकहाऊसमध्ये त्यांच्याच हाताखाली असलेल्या चंद्रकलाने न अडखळता, पाढे म्हणावेत तसे दहा आकडे सांगितले.

“हा कुणाचा?”

“आमच्या ह्यांचा.”

“ह्यांना गर्भाशय आहे का?”

ओसरीभर खसखस पिकली. चंद्रकलाही हसली, पण लवकर थांबली.

“तुझा सांग.”

“आहे ना माझा, काकू.” तिने कमरेचा फोन काढून दाखवला. “पण वहीत लिहून काय होतंय? नंबर बदलायचा म्हटलं की जुन्या नंबरवर ओटीपी जातो. म्हणजे ह्यांच्याच फोनवर.”

ताराबाईंचं पेन कागदावरच थांबलं होतं. दारात यमुना सिस्टर बाटली उजेडाकडे धरून उभ्या होत्या. तळाशी चार बोटं उरली होती.

“सिस्टर,” ताराबाईंनी मान न वळवता विचारलं, “किती जणींना पुरेल?”