तिसरा फर्लांग

ढाणकीहून देवसिंगच्या तांड्यापर्यंत सायकलनं दीड तास लागतो. मध्ये एक घाट आहे, खाली मुरूम अन् वर गिट्टी अंथरलेला. बासष्ट सालच्या फागुनात ही सडक नवी कोरी होती, अन् ती बांधून घेणारा मुकादम भावसिंग तांड्यातलाच. तांड्यातला पहिला सरकारी नोकर अन् पहिला सायकलवाला! त्याचा तोरा काय सांगावा? पायी चालणारं कुणी दिसलं की उगाचच घंटी वाजवायचा.

त्या दिवशी मात्र त्याला घंटीचं भान नव्हतं. चार वर्षांच्या लालीला डबा झाला होता. छाती कफानं भरलेली, बरगड्या नुसत्या उडत होत्या. ढाणकीच्या डॉक्टरनं बाटली अन् गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दिवेलागणीच्या आत पहिला डोस पोटात गेला पाहिजे, मुकादम. रात्रीवर ढकलू नका." ऊन अजून चांगलं होतं. औषधाची पिशवी हँडलला बांधून भावसिंगनं पायडल मारलं ते थेट घाटापर्यंत.

चढावर सायकल हातात धरून तो माथ्यावर आला. तिथं चुना फासलेला फर्लांगाचा दगड, त्यावर तीनचा आकडा. पुढे मोहाचं झाड, वळण, मग उतार. उताराच्या तळाशी तांडा. घरांतून निघणारा धूर दिसला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. सायकलवर टांग मारून त्यानं उतार धरला. चाकाखाली गिट्टी करकरत होती. मध्येच एक वास आला, ओल्या गोणपाटाचा अन् मिठाचा. या रानात मीठ कोण वाहून राह्यलं, असं मनात येतंय तोच समोर चुना फासलेला दगड. तीनचा आकडा. पुढे मोहाचं झाड.

"डोस्कंच ठिकाणावर नाही माह्यं," तो पुटपुटला.

दुसऱ्यांदा तो डोळे फाडून उतरला. वास आला, अन् पुन्हा तोच दगड. तिसऱ्यांदा त्यानं डोक्याचा रुमाल त्या दगडावर टाकला आणि उतार धरला. थोड्या वेळानं रुमाल पुढ्यात होता. मग ढाणकीकडेच परतावं म्हणून सायकल वळवली, तर मागच्या बाजूनंही तोच दगड, तोच रुमाल. सूर्य मघापासून सागाच्या शेंड्यावर हातभर वर होता. जागचा हलतच नव्हता. "अरे कोणी हाये का...?" तो ओरडला. आवाज तोंडाबाहेर पडला अन् तिथंच विरला.

हाच तो फर्लांग, हे तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पण भावसिंगनंच ते सगळ्यांपासून लपवलं होतं. तांड्यातले जुने लोक लदेणीला जायचे, म्हणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. निघताना प्रत्येक जण घाटमाथ्यावर आपला एक धोंडा ठेवायचा. त्याला तांड्याच्या बोलीत भाटा म्हणतात. परत आला की आपला भाटा उचलून दरीत फेकायचा, मगच घाट उतरायचा. भाटा फेकल्याशिवाय घर नाही, असा कायदा. त्यामुळे माथ्यावर जो ढीग उरला होता तो न परतलेल्यांचा. त्यात गेरूची रेघ ओढलेला भाटा भावसिंगच्या बापाचा, लालसिंगचा. भावसिंग पाळण्यात असताना तो मिठाला गेला तो गेलाच. भावसिंगची याडी, म्हणजे आई, धुरपताबाई, तीस वर्षं कुंकू लावून वाट बघत होती.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या फर्लांगाला गिट्टी कमी पडली. सोमवारी साहेबाची पाहणी. ओव्हरसियर दीनानाथबाबू कपाळाला हात लावून बसले, तेव्हा भावसिंगच पुढं झाला. "त्यात काय, साहेब? हा ढीग हाये ना. फोडून टाका." खडी फोडणाऱ्या तांड्यातल्या बाया घण उचलेनात, तर पहिला घण त्यानंच मारला. याडीचे गुडघे गेलेले, ती घाट चढत नाही. तिला कोण सांगणार?

अन् आज सकाळी तिनं त्याच्या हातात चुन्याची रेघ ओढलेला एक भाटा दिला होता. "ढिगावर ठेवजो, बापू. येताना फेकजो." ढीग होता कुठं? समोरून रोलर येत होता. भावसिंगनं तो भाटा त्याच्या पुढ्यात टाकून दिला. कडाड वाजलं, अन् तो हसत ढाणकीला गेला.

आता हसू कुठलं येतंय! तो गुडघ्यांवर बसला अन् गिट्टी उकरू लागला. चुन्याची रेघ, एक तुकडा तरी. रोलरनं दाबलेली गिट्टी निघेना, म्हणून सायकलच्या घंटीची वाटी काढून तिनं खरवडू लागला. खर्र... खर्र... बोटं सोलली. अन् मग ऐकू आलं, गिट्टीवर पावलं. एक नाही, पन्नास. थांबत, वाकत, पुन्हा चालत. दिसत कुणीच नव्हतं, फक्त मिठाचा वास दाटत चालला होता. ते सगळे शोधत होते.

भावसिंगनं दरीकडं पाहिलं. घाटात ऊन तसंच होतं, पण खाली तांड्यात अंधार उतरत होता.

"लाली..." तो रडकुंडीला आला.

त्याच वेळी वाटीखालून एक तुकडा वर आला. त्यानं तो धोतरानं पुसला. रेघ होती. पण लाल. गेरूची.

"माहा हाये तो..." मागून कुणीतरी म्हणालं.

पाठीवर गोणपाट घेतलेला एक म्हातारा वाकून उभा होता. पुढे केलेल्या हाताला करंगळी नव्हती. बापाची करंगळी बैलाच्या दाव्यात तुटली होती, हे याडीनं शंभरदा सांगितलं होतं.

"बा...?"

"याच वळणावर येतो... अन् पुन्हा मांगं..." म्हातारा म्हणाला. "मले उतरू दे, बापू."

खाली तांड्यात पहिला दिवा लागला. भावसिंगनं एकदा उकरलेल्या खड्ड्याकडं पाहिलं. आपला तुकडा कधी सापडेल कोण जाणे, आणि पोरीकडं तेवढा वेळ नव्हता. त्यानं सायकल उचलून म्हाताऱ्याच्या हाती दिली.

"नात हाये तुही. लाली नाव. आधी दोन गोळ्या देजो, मंग बाटलीतलं एक झाकण. इसरू नको, बा."

"अन् तू...?"

"मी येतो मांगून. माह्या भाट्याले हुडकतो अन् येतो. तू जाय!"

त्यानं तो लाल तुकडा दरीत भिरकावला. सायकल उताराला लागली, गिट्टी करकरत खाली खाली गेली. न राहवून भावसिंग तिच्यामागं धावला. समोर चुना फासलेला दगड होता, त्यावर त्याचाच रुमाल.

लाली वाचली. तिची आई गंगी सांगते, दारात कुणी म्हातारा आला होता, मान खाली घालून. औषध कसं द्यायचं ते नीट सांगितलं. धुरपताबाईनं त्याला पाहिलं मात्र, डोक्यावरचा पदर पुढं ओढला अन् पाय धुवायला तांब्या आणायला आत वळली. ती बाहेर आली तर अंगणात सायकलच तेवढी होती. सीट ओली, अन् घंटीला वाटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळा तांडा घाटात गेला. भावसिंग सापडला नाही. तिसरा फर्लांग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरलेला होता. बायांनी तो भरला, वरून रोलर फिरला. सकाळी पुन्हा उकरलेला, एकेक खडा पुसून बाजूला ठेवलेला. धुरपताबाई तेव्हापासून बाबूंच्या पाया पडते, रोलर फिरवू नका म्हणते. पण सडक सरकारी. दर उन्हाळ्यात रोलर येतो, अन् तुकड्यांचे आणखी तुकडे होतात.

लाली आता शाळेत जाते, घाटावरूनच. परवा तिनं आजीला विचारलं, "मोहाखाली वाटी घासल्यावानी काय वाजते वं, आजी? मी जवळून गेली का ते थांबते. अन् मंग घंटी वाजते... एकदाच."